दहा मिनिटांची बस वीस मिनिटं येत नाही, मग दोन एकदम येतात. असं का होतं?

थांबामित्र (धागाकर्ता)

शहरातल्या बसचा विषय निघाला की चर्चा लगेच मेट्रो, उड्डाणपूल आणि नव्या बसखरेदीकडे वळते. मला त्याआधीच्या एका गोष्टीबद्दल विचारायचं आहे.

फलकावर 'दर १० मिनिटांनी' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात अठरा मिनिटं रस्ता कोरा असतो आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन बस पाठोपाठ येऊन उभ्या राहतात. पुढच्या बसच्या पायरीवर माणसं लोंबकळत असतात, मागचीत बसायला जागा असते. 'चालक शेवटच्या थांब्यावर गप्पा मारत बसतात' हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. मला ते पटत नाही. हे दृश्य जगभरातल्या शहरांत दिसतं, उत्तम शिस्तीच्या सेवांमध्येही दिसतं.

प्रश्न दोन. याचं मूळ कारण काय? आणि एकही नवी बस न घेता यातलं किती सुधारता येईल?

माझं मत आधीच सांगून ठेवतो: आपण बस मोजतो, पण उतारू ताटकळतो तो दोन बसमधल्या खंडामुळे. तो खंड कोणी मोजतच नाही.

वाटसरू

साधी गोष्ट आहे. बस कमी आहेत, वाढवा. बाकी सगळी मलमपट्टी.

गणिती

वाटसरू, बस वाढवायला हव्यात हे मान्य. पण कारण समजून न घेता वाढवल्या तर दोनच्या जागी तीन एकत्र येतील. दोन बसमधली वेळ जितकी कमी, तितकं मागचीने पुढचीला गाठणं सोपं.

मूळ प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. गॉर्डन नेवेल आणि रेन्फ्री पॉट्स या अभ्यासकांनी १९६४ मध्येच याचं गणित मांडलं. आकडे घालून पाहू.

मार्ग १२ किमी, थांबे ३०. बस दर १० मिनिटांनी. प्रत्येक थांब्यावर दर बसला सरासरी ४ माणसं चढतात, म्हणजे मिनिटाला ०.४. पुढच्या दारातून तिकीट काढत चढायला माणशी ५ सेकंद लागतात असं धरा.

आता एक बस कुठल्या तरी सिग्नलला अडकून १ मिनिट मागे पडली. पुढच्या थांब्यावर तेवढ्या वेळात ०.४ माणसं जास्त जमली, म्हणजे २ सेकंद जास्त. ६० सेकंदांचा उशीर ६२ झाला. त्यापुढच्या थांब्यावर ६२ वर तेवढंच व्याज. हे चक्रवाढ व्याज आहे: प्रत्येक थांब्याला सव्वातीन-साडेतीन टक्के. तीस थांब्यांनंतर १ मिनिटाचे सुमारे २.७ मिनिटं होतात. तेही रस्त्यात दुसरा एकही अडथळा आला नाही तर.

आणि मागच्या बसचं नेमकं उलट होतं. तिच्यासाठी थांब्यांवर माणसं कमी उरतात, ती लवकर सुटते, पुढे सरकते. पुढची मागे येते, मागची पुढे जाते आणि दोघींची गाठ पडते. कोणाचीही चूक नसताना. समान अंतरावर धावणाऱ्या बस म्हणजे टोकावर उभी केलेली पेन्सिल. सावरत राहिलं तरच उभी राहते.

केतकी

हे चक्रवाढ व्याजाचं उदाहरण फार आवडलं. म्हणजे चालकाला दंड करून काही उपयोग नाही तर?

डेपोवाला

नाही, उलट तोटाच. दंडाच्या धाकाने उशीर झालेला चालक काय करतो बघा. हात दाखवणाऱ्याला सोडून जातो, थांब्यापासून पुढे नेऊन बस उभी करतो, वळणावर वेग ठेवतो. व्याज तसंच राहतं, वर अपघाताचा धोका वाढतो. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

खरी जागा शेवटचा थांबा. तिथे काय चुकतं ते सांगतो.

एका बाजूचा प्रवास सरासरी ५० मिनिटांचा. येऊन-जाऊन १००. वेळापत्रकवाला कागदावर १०० च धरतो, कारण मग १० बसमध्ये दर १० मिनिटांची सेवा 'बसते'. पण सरासरी ५० याचा अर्थच हा की जवळजवळ निम्म्या फेऱ्यांना ५० पेक्षा जास्त लागतात. त्या निम्म्या फेऱ्यांत बस पोचते तीच उशिरा आणि लगेच उलटी सुटते तीही उशिरा. सकाळी सातला लागलेला उशीर दुपारपर्यंत उतरत नाही.

म्हणून दोन्ही टोकांना प्रत्येकी १० मिनिटांची उसंत हवी. चक्र १२० मिनिटांचं, बस १२. ही उसंत ऐदीपणासाठी नसते. तिच्यात चालक पाणी पितो, पाय मोकळे करतो, आणि उशीर तिथेच जिरतो. ५८ मिनिटांत पोचलेली बससुद्धा वेळेवर सुटते. किती उसंत हवी हे ठरवताना सरासरी धरायची नाही. शंभर फेऱ्यांचे वेळ चढत्या क्रमाने मांडायचे आणि ८५वी ते ९०वी फेरी जिथे येते तो आकडा धरायचा. आणि हे सकाळची गर्दी, दुपार, संध्याकाळ यांचं वेगवेगळं काढायचं.

वाटसरू

म्हणजे शेवटी दोन बस जास्त लागल्याच ना!

डेपोवाला

१० च्या १२ झाल्या, बरोबर. पण त्या फलकावरची संख्या फुगवण्यासाठी नाहीत, उशीर जिरवण्यासाठी आहेत. तीच १२ बस कागदावर 'दर ८ मिनिटांनी' म्हणून दाखवली की पुन्हा उसंत शून्य. जाहिरात चांगली होते, सेवा बिघडते.

मृदुला

गणिती, एक शंका. १२ बस, चक्र १२० मिनिटांचं, तर दोन एकत्र आल्या काय किंवा सुट्या आल्या काय, तासाला सहाच येणार. मग सरासरी थांबणं तेवढंच नको का?

गणिती

सगळ्यांची फसगत इथेच होते, त्यामुळे शंका अगदी योग्य आहे.

बस ठीक १० मिनिटांनी आल्या तर थांब्यावर केव्हाही पोचलेला माणूस सरासरी ५ मिनिटं थांबतो. आता २ आणि १८ मिनिटं असे खंड आलटून पालटून आहेत असं समजा. बस तितक्याच आहेत. पण वीस मिनिटांपैकी अठरा मिनिटं मोठ्या खंडाची, म्हणजे दहातले नऊ जण मोठ्याच खंडात येऊन पोचतात. सरासरी काढायची रीत: खंडांच्या वर्गांची बेरीज भागिले खंडांच्या बेरजेची दुप्पट.

(४ + ३२४) ÷ ४० = ८.२ मिनिटं.

५ चे ८.२ झाले. हेच थांबणं सुट्या येणाऱ्या बसने द्यायचं म्हटलं तर बस दर १६.४ मिनिटांनी सोडली तरी चालेल, आणि त्याला १२० मिनिटांच्या चक्रात सात-आठ बस पुरतात. खर्च १२ बसचा होतो आणि उतारूच्या पदरात पडते ती सव्वासात बसची सेवा. बाकीच्या साडेचार-पावणेपाच बस रस्त्यावर धावतात, डिझेल किंवा वीज खातात, चालकांना दमवतात, आणि थांब्यावर उभ्या माणसाच्या लेखी त्या नसतातच.

गर्दीचंही तेच. दहातले नऊ जण पुढच्या बसच्या वाट्याला येतात. 'बस कमी पडतात' असं जे वाटतं त्यात हाही भाग असतो.

नवखा

सव्वासात बसचा हिशेब वाचून सुन्न झालो. हा आकडा कोणी अधिकृतपणे मोजतं का?

पायवाट

लंडनमध्ये मोजतात. तिथे तासाला पाच किंवा जास्त बस असलेला मार्ग 'जास्त वारंवारतेचा' धरतात आणि त्यावर वेळापत्रक पाळलं की नाही हे बघतच नाहीत. बघतात ते 'जादा थांबणं': खंड समान असते तर किती थांबावं लागलं असतं आणि प्रत्यक्षात किती लागलं यातला फरक. बस चालवणाऱ्या कंपन्यांचं बक्षीस आणि कपात त्याला बांधलेली आहे. हे करार २००१ पासून आले. गणितींच्या उदाहरणात जादा थांबणं ३.२ मिनिटं आलं असतं.

तासाला पाचपेक्षा कमी बस असलेल्या मार्गाला मात्र वेळापत्रकच लागतं. अर्ध्या तासाने येणारी बस एक मिनिट उशिरा आली तर एक मिनिट जातं, पण एक मिनिट आधी निघून गेली तर अर्धा तास जातो. तिथे 'आधी सुटायचं नाही' हा सगळ्यात कडक नियम हवा.

सिग्नल_हिरवा

माझा विषय सिग्नलचा, म्हणून त्यावर लिहितो. बसला सिग्नलला प्राधान्य द्या म्हणजे सुटेल, असं धोरणांच्या मसुद्यात सर्रास लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे.

यंत्रणा साधी असते. बस चौकाच्या काही अंतर अलीकडे आली की तिची जागा नियंत्रकाला कळते. मग दोन गोष्टी करता येतात: चालू हिरवा ५ ते १५ सेकंद लांबवायचा, किंवा लाल असेल तर आडव्या रस्त्याचा हिरवा थोडा आधी आटोपून बसला लवकर सोडायचं. पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला लागणारा किमान वेळ मात्र कापायचा नाही. तिथे तडजोड नाही.

आता गोम बघा. दोन बस गाठायच्या बेतात आहेत. पुढची उशिरा, मागची वेळेच्या आधी. दोघींनाही सरसकट हिरवा दिला तर मागची आणखी जोरात पुढे येते आणि आपण पैसे खर्चून त्यांची जोडी जुळवतो. म्हणून प्राधान्य सशर्त हवं: पुढच्या बसपासूनचा खंड ठरलेल्यापेक्षा मोठा असेल त्याच बसला हिरवा, दुसरीला नेहमीचा सिग्नल.

दुसरी चूक थांब्याच्या जागेची. थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर बस हिरवा 'मागते', तो लांबतो, आणि तेवढ्यात ती माणसं घ्यायला उभी राहते. लांबवलेला हिरवा वाया, दारं बंद होईपर्यंत पुन्हा लाल. थांबा चौक ओलांडून पलीकडे हवा. बस हिरव्यात निघाली, पलीकडे जाऊन निवांत थांबली. ज्या चौकात बस वळते किंवा पलीकडे थांब्याला जागाच नाही तिथे हे जमत नाही, तिथे वेगळा विचार करावा लागतो.

शेवंती

थांब्याच्या रचनेबद्दल आणखी एक. रस्त्याच्या कडेला फुटपाथ कापून खोबण करतात आणि बस तिच्यात घुसून उभी राहते. नकाशावर नीटनेटकं दिसतं, पण ते बसच्या सोयीचं नसतं. एक थांबा जवळून बघा:

बस खोबणीकडे वळते. आत एक मोटार उभी आहे, त्यामुळे १२ मीटरची बस सरळ लागत नाही. तोंड आत, शेपूट लेनमध्ये. पुढचं दार फुटपाथपासून हातभर दूर, मागचं दार त्याहून दूर. पायरी आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीत खाली उतरून पुन्हा वर चढायचं. काठी असलेल्या माणसाला एरवी तीन सेकंद पुरतात, इथे पंधरा लागतात. दारं बंद झाली, उजवीकडचा दिवा लागला, पण कोणी वाट देत नाही. दहा सेकंद, वीस सेकंद. गणितींच्या हिशेबातलं मुद्दल तयार होतं ते इथे.

याच्या उलट करायचं: फुटपाथच लेनपर्यंत पुढे काढायचा. बस वळत नाही, सरळ फुटपाथला घासून उभी राहते आणि सरळ निघते. दोन्ही दारं फुटपाथला लागतात, थांबणाऱ्यांना उभं राहायला जागा मिळते आणि चालणाऱ्यांची वाटही अडत नाही. पुढे आलेल्या कडेला मोटार लावायला कोपराच उरत नाही.

वाटसरू

आणि मागच्या मोटारी बस सुटेपर्यंत उभ्या राहणार? कोंडी वाढेल.

शेवंती

बारा-पंधरा सेकंद उभ्या राहतील, तेवढं बसमधल्या पन्नास माणसांसाठी न्याय्य आहे. जिथे बसला दोन-तीन मिनिटं उभं राहावं लागतं, म्हणजे मार्गाच्या टोकाला किंवा बदलीच्या मोठ्या थांब्यावर, तिथे खोबण हवीच. भरधाव रस्त्यावरही हवी.

सिग्नल_हिरवा

शेवंतीताईंना अनुमोदन. एका लेनमधून सलग हिरवा असेल तर तासाला साधारण १८०० मोटारी जातात. दोन मोटारींत दोन सेकंद. चौकात निम्मा वेळ लाल असतो म्हणून ९००. मोटारीत दीड माणूस धरलं तर साडेतेराशे. त्याच लेनमधून मिनिटाला एक बस, प्रत्येकीत ६० माणसं, म्हणजे ३६००. आणि मिनिटाला एक बस असलेली लेन मोटारीतून पाहणाऱ्याला 'रिकामी' दिसते. बसच्या लेनला होणारा निम्मा विरोध या दिसण्यातून येतो.

डेपोवाला

बसच्या लेनबद्दल एक कळकळीचं: पाच किलोमीटरच्या लेनमध्ये उभी असलेली एक मोटार ती लेन त्या जागी बंद करते. बसला बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. रंग फासून लेन होत नाही. एक तर कठडा हवा, नाही तर बसवर आणि खांबावर कॅमेरे लावून हमखास दंड हवा. आणि ज्या टप्प्यात बस खरंच अडकते तिथे लेन हवी. मोकळ्या रुंद रस्त्यावर लेन आखायची आणि चौकाआधीच्या शेवटच्या दोनशे मीटरांत सोडून द्यायची, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मृदुला

चढायच्या वेळेबद्दल कोणी लिहिलं नाही. गणितींच्या सूत्रात माणशी ५ सेकंद आहेत. ते अडीच केले तर?

गणिती

व्याजदर निम्मा होतो. तीस थांब्यांनंतर १ मिनिटाचे २.७ ऐवजी १.६ मिनिटं. एकही बस न वाढवता, एकही रस्ता रुंद न करता.

मृदुला

म्हणूनच विचारलं. ब्राझीलमधल्या कुरितिबाने हे फार आधी ओळखलं. बससाठी वेगळे रस्ते तिथे १९७४ पासून होते, आणि १९९१ मध्ये नळीसारखी स्थानकं आली: तिकीट आत शिरतानाच, फलाट बसच्या जमिनीच्या उंचीला, सगळी दारं एकदम उघडी. सॅन फ्रान्सिस्कोने जुलै २०१२ पासून साध्या रस्त्यावरच्या साध्या थांब्यांवरही सगळ्या दारांनी चढायची मुभा दिली. तिकिटाची तपासणी फिरती पथकं करतात.

जिथे वाहक आत फिरून तिकीट देतो तिथे हा फायदा आधीपासूनच असतो. वाहक काढून टाकून चालकाच्याच हाती तिकीटं दिली की पगार वाचतो, पण प्रत्येक थांब्यावर व्याज चढतं. तो खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही.

नवखा

मग प्रवास फुकटच केला तर? तिकीटच नाही, मग उशीरही नाही.

पायवाट

एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ पासून तिथल्या रहिवाशांना प्रवास मोफत केला, लक्झेंबर्गने २०२० मध्ये सगळ्या देशात. चढणं सोपं होतं हे खरं. पण टॅलिनमध्ये बसकडे आलेल्यांत मोटार सोडून आलेले थोडे आणि आधी पायी जाणारे बरेच होते. ज्याच्या खिशाला तिकीट जड जातं त्याच्यासाठी मोफत प्रवास मोठी गोष्ट आहे आणि त्या कारणासाठी मी त्याच्या बाजूने आहे. मात्र बस न वाढवता तो दिला तर थांब्यावर माणसं वाढतात आणि दोन बस लवकर गाठतात. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला मध्य भागात मोटारींवर शुल्क लावलं तेव्हा त्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. स्टॉकहोमने अशाच शुल्काची २००६ ची चाचणी सुरू करण्याआधी, ऑगस्ट २००५ पासूनच जादा बस सोडल्या. आधी बस, मग शुल्क किंवा सवलत, हा क्रम महत्त्वाचा.

वाटसरू

मेट्रो होऊ द्या, हे सगळे प्रश्न आपोआप संपतील.

सिग्नल_हिरवा

मेट्रोत हा रोग सौम्य असतो, कारण तिकीट बाहेर, फलाट समपातळीत, दारं वीस-चोवीस, आणि रस्त्यात सिग्नलशिवाय कोणी नाही. ह्याच चार गोष्टी बसला देता येतात. शिवाय मेट्रोतून उतरलेल्याला शेवटचे दोन किलोमीटर पुन्हा बसच हवी. ती अठरा मिनिटांनी येणार असेल तर बोगद्यात वाचवलेला वेळ तिथे गेला.

केतकी

अवांतर: ॲपवर '२ मिनिटं' दिसतं आणि ती दोन मिनिटं दहा मिनिटं तशीच राहतात. का?

गणिती

बसचा जीपीएस साधारण १० ते ३० सेकंदांनी जागा कळवतो, तो भाग बरा असतो. अंदाज मात्र नेहमीच्या वेगावरून काढलेला असतो. बस थांब्यावर गर्दीत अडकली की अंदाज 'गोठतो'. दुसरं, अजून शेवटच्या थांब्यावर उभ्या बसची वेळ छापील वेळापत्रकावरून दाखवतात. ती सुटलीच नाही तर ॲपवर भुताची बस येऊन जाते. उपाय: चालकाने फेरी सुरू केल्याची नोंद झाल्याशिवाय ती बस 'येत आहे' म्हणून दाखवायची नाही. मार्ग आणि वेळा मांडायचा आज जगभर वापरला जाणारा साचा २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बससेवेपासून सुरू झाला, आता तो कोणत्याही शहराला वापरता येतो. जागेचा प्रवाह खुला ठेवला की मूळ धाग्यातला खंड कोणीही मोजू शकतं.

थांबामित्र

खूप शिकायला मिळतंय. डेपोवाला, एक उरलं. बस मधेच गाठायला लागल्या तर नियंत्रकाने नेमकं काय करायचं? मागचीला थांबवून धरायचं म्हणतात, पण आत बसलेल्यांचा संताप होतो.

डेपोवाला

संताप रास्त आहे, म्हणून हिशेब करूनच धरायचं. समजा एका बसच्या पुढचा खंड ६ मिनिटं, मागचा १४. तिला २ मिनिटं धरली तर ८ आणि १२ होतील. पुढे २० थांबे आहेत आणि आकडे गणितींचेच. गणिती, जरा मांडता का?

गणिती

एका थांब्यावर सगळ्यांचं मिळून थांबणं आधी ०.२ × (३६ + १९६) = ४६.४ मिनिटं (०.२ म्हणजे मिनिटाला जमणाऱ्या ०.४ माणसांचं निम्मं). धरल्यावर ०.२ × (६४ + १४४) = ४१.६. एका थांब्याला ४.८ वाचली, वीस थांब्यांना ९६. आत १५ माणसं असतील तर त्यांचं नुकसान १५ × २ = ३०. फायद्याचं. आत ६० असतील तर १२० गेली आणि ९६ मिळाली. तोट्याचं.

डेपोवाला

यातूनच नियम निघतो. भरलेली बस मध्यावर धरायची नाही. धरायची ती टोकाला, किंवा जिथे बरेच उतरतात आणि बस हलकी होते त्या थांब्यावर. एका वेळी दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि चालकाने आतल्यांना कारण सांगायचं. 'पुढची बस जवळ आहे, दोन मिनिटं थांबतोय' एवढं वाक्य पुरतं.

दोन बस एकमेकींना लागल्याच असतील तर मागच्या रिकाम्या बसने पुढे निघून पुढचा थांबा घ्यावा, मग दुसरीने त्यापुढचा. उतरणाऱ्यांसाठी मात्र दोघींनी थांबायचं. फारच मोठा खंड पडला असेल तर एक बस अलीकडेच उलटी फिरवून उलट दिशेचा खंड भरायचा. तेव्हा आतल्या माणसांना मागच्या बसमध्ये बसवून दिल्याशिवाय हलायचं नाही.

विजेच्या बस घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. टोकाच्या उसंतीतच चार्जिंग करायचं ठरवलं तर ती उसंत उशीर जिरवायला उरत नाही. उशिरा आलेल्या बसलाही चार्जर हवाच असतो. त्यामुळे एक तर रात्रीच्या चार्जिंगवर अख्खी पाळी निघेल एवढी बॅटरी, नाही तर टोकाला एक भरलेली राखीव बस.

शेवंती

थांब्यांची संख्याही बघा. १२ किमीत २५० मीटरवर थांबा म्हणजे ४८, ४०० मीटरवर म्हणजे ३०. वेग कमी करणं, दारं, पुन्हा वेग घेणं यात दर थांब्याला वीसेक सेकंद. १८ थांबे कमी म्हणजे एका बाजूला ६ मिनिटं, येऊन-जाऊन १२. डेपोवाल्यांची बरीचशी उसंत इथूनच निघते. थांब्यांच्या बरोबर मधोमध असलेल्याला जास्तीत जास्त ७५ मीटर जास्त चालावं लागतं. पण आधी तो फुटपाथ चालण्याजोगा करा, आणि दवाखान्यासमोरचा थांबा हलवू नका.

पायवाट

कराराबद्दल लिहून थांबतो, कारण सगळं मुरतं ते तिथे. कोलंबियातल्या बोगोटात २००० पूर्वी खाजगी बसचं उत्पन्न तिकिटांवर होतं. चालक एकाच थांब्यावरच्या उतारूंसाठी शर्यत लावायचे, त्याला तिथे 'पैशाचं युद्ध' म्हणत. डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ ही वेगळ्या लेनमधली बससेवा आली, तिच्यात पैसे मुख्यतः धावलेल्या किलोमीटरवर ठरले आणि मोठ्या मार्गांवरची शर्यत थांबली. दुसरं टोक चिलीतल्या सँतियागोचं. फेब्रुवारी २००७ मध्ये सगळं जाळं एका दिवसात बदललं, आणि सुरुवातीच्या करारात कंपनीला उतारू नेले काय, न नेले काय, फारसा फरक पडत नव्हता. बस कमी निघाल्या, नियंत्रणाची यंत्रणा तयार नव्हती, थांब्यांवर रांगा लागल्या. म्हणून किलोमीटरचे पैसे द्या, पण खंड समान राखण्याचं बक्षीस त्याला जोडा. नुसत्या किलोमीटरला पैसे दिले तर पाठोपाठ धावणाऱ्या दोन बसचेही किलोमीटर पूर्ण भरतात.

वाटसरू

२ आणि १८ चा हिशेब मी तीनदा करून पाहिला. पटला. बस वाढवाच, पण आधी आहेत त्या सुट्या करा, इतपत माझं मत बदललं आहे.

थांबामित्र

वाटसरू, मनापासून आभार. आता करायचं काय? मी म्हणतो, ज्याला जमेल त्याने आपापल्या मार्गावर खंड मोजून इथे टाकावेत. कसे मोजायचे?

गणिती

गर्दीच्या वेळी दोन तास. टोकाच्या थांब्यावर उभं राहू नका, तिथे सगळं बरं दिसतं. मार्गाच्या दोन-तृतीयांश भागातला थांबा धरा. एकाच क्रमांकाची, एकाच दिशेची प्रत्येक बस दारं उघडते ती वेळ लिहा, सेकंदांसह. तासाभराचा नमुना: ४, १७, ३, १६, ९, ११ मिनिटं. बेरीज ६०, वर्गांची बेरीज ७७२. ७७२ ÷ १२० = ६.४. समान खंड असते तर ५. जादा थांबणं १.४ मिनिटं.

डेपोवाला

आणि भरली म्हणून न थांबता गेलेली बस वेगळ्या खुणेने लिहा. ती खंडात धरू नका. थांब्यावरच्या माणसासाठी ती आलीच नाही.

मृदुला

बसचा गाडी क्रमांकही लिहा. दोन तासांत तीच जोडी पुन्हा एकत्र दिसली, तर टोकाला उसंत नाही हे तिथेच कळेल.